कुर्र होण्याआधी

बेबीनंदाला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी ‘काय खाशील?’ असं विचारलं आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

ती दिलेली धावड्याला, माहेर जालन्याचं. सासरची माणसं वाईट नव्हती. पण बाईनं शेवटी जेवायचं आणि पातेल्यात जे उरलं असेल तेच आपल्याला आवडतं असं म्हणायचं, अशी त्या घरची रीत होती. त्यात दुष्काळात रेशनवरच्या मिलोच्या, म्हणजे परदेशी लाल ज्वारीच्या, भाकरी खाऊन जीव विटलेला. चौऱ्याहत्तर सालच्या फाल्गुनात ज्वारीची काढणी उरकत आली आणि जालन्याहून सांगावा आला, ‘भावजयीला मुलगी झाली, आत्यानं बारशाला यावं.’ बेबीनंदानं दोन्ही पोरं सासूच्या हवाली केली, ‘बाळंतिणीचं करायला माणूस लागतं’ असं नवऱ्याला, म्हणजे भिवाला, सांगितलं आणि एसटीत बसली. बाळंतिणीचं करायचं तिच्या मनात नव्हतं असं नाही. पण भोकरदनच्या पुढं आल्यावर तिला सराफ्यातली जिलेबी दिसायला लागली होती, हेही खोटं नाही.

माहेर म्हणजे जुन्या जालन्यातल्या एका गल्लीतल्या दोन खोल्या, पुढं अंगण आणि अंगणात लिंबाचं झाड. घरात आई गिरिजाबाई, थोरला भाऊ देवानंद, वहिनी सगुणा आणि आता पाळण्यातली पाहुणी. दवाखाना जवळ म्हणून बाळंतपण जालन्यातच केलं होतं, त्यामुळे सगुणाची आई चांगुणाबाईही आष्टीहून येऊन राहिली होती. शेजारी लालमियाँ. त्यांचं मुलाच्या नावानं ‘मुनीर साउंड सर्व्हिस’ म्हणून भोंगे, माइक आणि रेकॉर्डी भाड्यानं द्यायचं दुकान होतं, आणि गल्लीत कोणाकडे काय आहे हे गल्लीला आधी त्यांच्या भोंग्यावरून कळत असे.

देवानंद नगरपालिकेच्या शाळेत मास्तर होता. आपण बौद्ध झालो त्याला अठरा वर्षं होत आली तरी माय अजून जुनंच धरून बसते, हे त्याचं कायमचं दुखणं. त्याला बारसं नको होतं, ‘नामकरण विधी’ हवा होता. बुद्धवंदना, त्रिशरण, पंचशील आणि मग वडिलांनी नाव जाहीर करायचं, असा त्याचा सुटसुटीत बेत. गिरिजाबाईनं तो निम्मा मान्य केला.

“पंचशील घे बाबा, मी बी हात जोडीन,” ती म्हणाली. “पर नाव आत्याच सांगल कानात. आत्याच्या तोंडून लेकराच्या कानात पडलं तेच नाव. मंग त्यात बदल न्हाई.”

हे नुसतं बोलणं नव्हतं, या कुळातला कायदा होता. गिरिजाबाईच्या चुलत दिराचं नाव सगळ्यांनी मिळून रामराव ठरवलं होतं. ऐन वेळी आत्याला ते आठवेना. वाकल्या वाकल्या घाबरून ती ‘बाळ्या’ म्हणाली, बायकांनी कुर्र केलं आणि विषय संपला. आज तो बाळ्या साठीला आला आहे, त्याला नातवंडं आहेत आणि ती त्याला बाळ्याआजा म्हणतात. तर अशी ही आत्याची सत्ता. मुख्यमंत्र्याला बदलता येतं, आत्यानं ठेवलेलं नाव बदलत नाही.

बेबीनंदा आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी देवानंद तिला म्हणाला, “बेबी, चल, जरा बाजारातून येऊ.”

बाजारातून म्हणजे सराफ्यातल्या हॉटेलात. तेही बाहेरच्या बाकावर नाही. आत, पडदा लावलेल्या ‘फॅमिली रूम’मध्ये. बेबीनंदा असल्या ठिकाणी कधीच बसली नव्हती. संगमरवरी टेबल गार होतं, डोक्यावर पंखा फिरत होता, गल्ल्यावरच्या रेडिओत कोणीतरी बाई झोकात गात होती.

“काय खाशील?” देवानंदनं विचारलं.

बेबीनंदा त्याच्याकडे पाहतच राहिली. या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं असतं हेच तिला माहीत नव्हतं. मग तिनं धीर करून जिलेबी सांगितली. ती संपल्यावर कांदाभजी सांगितली, आणि भजी फार तिखट लागली म्हणून पुन्हा जिलेबी. देवानंद शांतपणे चहा पीत होता. दुसरी जिलेबी अर्धी झाल्यावर तो म्हणाला, “बेबी, पोरीचं नाव संघमित्रा ठेवायचं हाय. माय काही बी म्हणंल. तू कानात बराबर संघमित्राच सांग.”

“बरं,” बेबीनंदा म्हणाली.

पुढं तिचं म्हणणं असं पडलं की ‘बरं’ म्हणजे काही ‘हो’ नव्हे, आणि जिलेबी तोंडात असताना म्हटलेलं ‘बरं’ तर नुसता आवाज. पण हे पुढं. त्या वेळी तिला वाटत होतं की दादासारखा भाऊ सगळ्या मराठवाड्यात नाही, आणि संघमित्रा हे काही वाईट नाव नाही.

पण भाऊ लेकीला कुठं घेऊन गेला होता हे आईच्या नाकाला कळल्याशिवाय राहतं का? जिलेबीचा नाही तरी कारस्थानाचा वास तिला आलाच. दुसऱ्या दुपारी देवानंद शाळेत आणि इहीणबाई, म्हणजे चांगुणाबाई, झोपलेल्या असताना गिरिजाबाईनं चुलीपाशी लेकीला बोलावलं. तव्यावर पुरणपोळी होती. सण नाही, वार नाही आणि तव्यावर पुरणपोळी. तुपाची वाटी वेगळी, गुळवणी वेगळी.

“खा माय. तुझ्या सासरी कोण करतंय तुला,” गिरिजाबाई म्हणाली, आणि दुसरी पोळी ताटात पडताच मुद्द्यावर आली. “माझ्या मायचं नाव चंद्रभागा व्हतं. लई सोसलं तिनं. तिचं नाव चालवायला माझ्या पोटी दुसरी लेक झाली न्हाई. तुझा भाऊ म्हणतो, हे नाव जुन्या देवाधर्माचं हाय. अगं, नदीचं नाव हाय. नदीला कुठं धर्म असतोय?”

हे बेबीनंदाला पटलं. तूप इतकं चांगलं कढवलेलं होतं की काहीही पटलं असतं. “बरं,” ती म्हणाली.

मग चांगुणाबाई कशी मागं राहील? ती आष्टीहून येताना काळ्या मसाल्याचा डबा आणि पायाला दोरी बांधलेली एक कोंबडी घेऊन आली होती. बाळंतिणीला रस्सा चालणार नव्हता, तेव्हा कोंबडी कोणासाठी आणली होती हे आता उघड झालं. तिनं स्वतःच्या हातानं रस्सा केला आणि दोन्ही तंगड्या बेबीनंदाच्या ताटात वाढल्या. तंगड्या दोन आणि जेवणारी माणसं चार, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही असं दाखवलं गेलं. जेवण झाल्यावर दोघी अंगणात भांडी घासायला बसल्या तेव्हा चांगुणाबाईनं हळूच सांगितलं की नातीचं नाव शोभा पाहिजे.

“आमच्या गावात ग्रामसेवकाची बायको हाय शोभा नावाची,” ती म्हणाली. “खुर्चीवर बसून भाजी निवडती. जिचं नाव शोभा, ती खाली बसत न्हाई कधी. माझी पोरगी जन्मभर खालीच बसली, नातीनं तरी खुर्चीवर बसावं.”

“बरं,” बेबीनंदा म्हणाली. रश्श्यानं तिच्या डोळ्यांतून अजून पाणी येत होतं, चांगुणाबाईला वाटलं पोरीचं मन भरून आलं.

राहता राहिले लालमियाँ. त्यांचा या प्रकरणाशी काय संबंध, असं कोणीही म्हणेल. पण भिंतीला भिंत लागून पंचवीस वर्षं काढल्यावर संबंध विचारायचा नसतो. त्यांच्या बायकोनं, अकबरबीनं, बगारा खाना आणि दालचा केला आणि बेबीनंदाला घरी बोलावलं. भातात शहाजिरं आणि लवंगा, दालच्यात दुधीच्या फोडी आणि चिंचेचा असा आंबटपणा की जिभेनं टाळूला सोडू नये. वर लालमियाँनी मशीन लावून विचारलं, “बेबी, कौनसी रेकॉर्ड बजाऊं? तू बोल.” तिनं सांगितलेली रेकॉर्ड ते लावत गेले. गावी देवळाच्या भोंग्यावर जे लागेल ते ऐकायचं. इथं ती ‘ही न्हाई, दुसरी’ म्हणाली की सुई उचलली जायची. बेबीनंदाला तो भात जास्त आवडला की सुई उचलणं, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

“मेरेकू चारी पोट्टे हुए,” शेवटी लालमियाँ म्हणाले. “पोट्टी एक बी नहीं. पहले से एक नाम रख के बैठा हूँ, चांदनी. अब क्या होना है इस उमर में? तुमच्यात बी चालतं, आमच्यात बी चालतं. भोंगा, माइक, लाइट, सब मेरी तरफ से. देवानंदसे एक पैसा नहीं लेना.”

“बरं, चाचा,” बेबीनंदा म्हणाली, आणि या वेळी तिला खरंच वाईट वाटलं. म्हातारा चांगला होता. दालचाही.

आता एक गंमत बघा. पुढचे सगळे दिवस त्या घरात इतकी शांतता होती की गल्लीला काळजी वाटू लागली. गिरिजाबाई पंचशील पाठ करायला बसली. देवानंद आईला म्हणाला, “कुर्र करा की, माझी काही ना न्हाई.” चांगुणाबाई इहिणीचे पाय चेपून देऊ लागली. प्रत्येकाला आपण जिंकल्याचं माहीत होतं आणि बाकीच्या बिचाऱ्यांची प्रत्येकाला दया येत होती. एकट्या बेबीनंदाला तेवढं अन्न हळूहळू गोड लागेनासं झालं. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. पण पोळ्या चौघांच्या खाल्ल्या आणि टाळी एकच, असं झाल्यावर काय करायचं, हे कोणी सांगून ठेवलेलं नव्हतं.

बारशाच्या आदल्या दिवशी भाजी निवडताना गिरिजाबाई सहज म्हणाली, “त्या पलीकडच्या गल्लीतल्या बाईच्या नणंदेनं शब्द देऊन फिरवला ना, तवापासून तिला माहेरी कोणी हाक मारत न्हाई बघ.” ती बोलत होती कोणाच्या तरी लुगड्याच्या भांडणाबद्दल, पण बेबीनंदाच्या हातातली मेथी तिथंच थांबली. चौघांपैकी तिघं फसणार, हे तर ठरलेलंच होतं. दादा अबोला धरेल, नाहीतर माय धरेल. आणि माहेर गेलं तर ‘काय खाशील’ असं विचारणारी जगातली एकुलती एक जागा गेली. ती उठून आत गेली तर सगुणा बाजेवर बसून पोरीला पाजत होती. तिनं नणंदेचा चेहरा पाहिला आणि विचारलं, “ताई, पोट दुखतंय का?” दुखतंय म्हणाली बेबीनंदा, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

बारशाचा दिवस उजाडला. अंगणात मांडव, लिंबावर भोंगा. चुलाण्यावर येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची, आमटी आणि मोठ्या पातेल्यात गव्हाची खीर. येसर भाजल्याचा वास पार कुंडलिका नदीच्या पुलापर्यंत गेला असावा, कारण बोलावलं नव्हतं अशीही बरीच माणसं तब्येतीची चौकशी करायला आली होती. देवानंदनं पांढरा सदरा घालून वंदना घेतली. गिरिजाबाई पंचशील म्हणताना एकदाही चुकली नाही आणि तिनं मुलाकडे अशा नजरेनं पाहिलं की बघ, आता माझं ऐकायचं.

मग पाळणा झाला. बायकांचं गाणं गल्लीभर जावं म्हणून लालमियाँनी माइक पाळण्याच्या दोरीलाच बांधला होता. गाणं संपलं की तो बंद करायचा, असं ठरलेलं. पण लालमियाँचा हात बटणापर्यंत गेला आणि त्यांना वाटलं, नाव आत्या सांगणार आहे, ते चांदनी आहे, तर ते तिच्या तोंडून साऱ्या जालन्यानं का ऐकू नये? त्यांनी माइक बंद तर केला नाहीच, वर आवाज होता तेवढा वाढवला.

बेबीनंदा पाळण्यावर वाकली. नाव कोणी आधी ऐकू नये म्हणून तिनं पदर डोक्यावरून पाळण्यावर ओढून घेतला. मागं बायका मुठी वळून उभ्या होत्या, आत्यानं नाव सांगितलं की ‘कुर्र’ करून तिच्या पाठीत बुक्के घालायला. पदराच्या आत अंधार होता आणि दुधाचा वास होता. पोरगी जागी होती. तिनं बेबीनंदाकडे अशा गंभीरपणे पाहिलं की बेबीनंदाला वाटलं, हिच्याशी तरी खोटं बोलायला नको.

“ऐक गं बाई,” ती पुटपुटली, आणि लिंबावरून सगळ्या गल्लीला ऐकू आलं, ‘ऐक गं बाई.’

बायकांच्या मुठी हवेत थांबल्या. बेबीनंदाला बाहेर काहीतरी गुरगुरल्यासारखं वाटलं, पण चाचांनी रेकॉर्ड लावली असेल म्हणून तिनं लक्ष दिलं नाही.

“तुझ्या आत्यानं लई घोळ घालून ठेवलाय,” भोंगा सांगू लागला. “तुझ्या बापानं मला पडद्याच्या हाटेलात नेऊन जिलेबी चारली. दोनदा. त्याला संघमित्रा पाहिजे. माय त्याच्यापासून चोरून मला पुरणपोळ्या घालून राह्यली, तिला चंद्रभागा पाहिजे. तुझ्या आष्टीच्या आजीनं कोंबडीच्या दोन्ही तंगड्या मला वाढल्या, तिला शोभा पाहिजे, म्हणजे तू खुर्चीवर बसशील. चाचानं रेकॉर्डी लावल्या, त्यांना चांदनी पाहिजे. अन् मी सगळ्यांना बरं म्हणले. खरं सांगू का, चाचीचा दालचा सगळ्यात भारी व्हता. पर तेवढ्यासाठी तुला चांदनी म्हणलं तर तुझा बाप मला पायरी चढू देणार न्हाई.”

मांडवात कोणी हललं नाही. अकबरबीनं मात्र पदर नीट केला.

“मला का नाव ठेवता येत न्हाई? पर मला कोणी कवा विचारलंच न्हाई. माझ्या पोरांची नावं मला कुर्र झाल्यावर कळली. मी आतल्या खोलीत बाजेवर, अन् भाईर नणंदेनं एकाला किसन केलं, दुसऱ्याला दगडू. दगडू, बघ. पोटातून मी काढलं अन् दगडू तिनं म्हणलं. तवा लई रडले मी. अन् आज मी बी तसलीच निघाले की. तुझ्या मायला मी एका शब्दानं विचारलं न्हाई, पोरीचं नाव काय ठिवायचं म्हणून. का? तर तिनं मला काही खाऊ घातलं न्हाई. ती बाळंतीण, तीच दुसऱ्याच्या हातचं खाऊन राह्यली.”

एवढं बोलून तिनं नाक ओढलं. ते नाक ओढणं भोंग्यातून असं काही बाहेर पडलं की लिंबावरचे कावळे उडाले, आणि तेव्हा कुठं बेबीनंदाला कळलं की बाहेर जे गुरगुरतंय ती आपणच आहोत.

तिनं पदर बाजूला केला. सगळा मांडव तिच्याकडे पाहत होता. गल्लीच्या तोंडाशी पानवाला दुकान सोडून उभा होता. लालमियाँचा हात बटणावर होता, पण ‘चांदनी’ची वाट पाहता पाहता तो तिथंच आखडला होता.

आता आपल्याला घराबाहेर काढतात, असं बेबीनंदाला वाटलं. पण माणसाला फसवलं गेल्यापेक्षा दुसऱ्यानं आपल्याआधी फसवायचा प्रयत्न केला याचाच राग जास्त येतो.

“तू हिला हाटेलात नेलतंस?” गिरिजाबाई मुलाकडे वळली. “पडद्याच्या? मला जन्मात एकदा नेलंस का?”

“अन् तू पुरणपोळ्या कवा केल्या?” देवानंद म्हणाला. “मला सांगत व्हतीस की गूळ संपला.”

“दोन्ही तंगड्या,” गिरिजाबाई आता इहिणीकडे वळली. “माझ्या ताटात नुसती मान पडलती. मला वाटलं कोंबडीच बारीक.”

चांगुणाबाई काही बोलणार, तेवढ्यात लालमियाँ माइकपासून दूर उभे राहून बायकोला म्हणाले, “बोली ना, दालचा सबसे अच्छा?” अकबरबीनं त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं, पण ती हसत होती. हसू असं लागणीचं असतं की आधी ती, मग मुठी वळलेल्या बायका, मग बोलावलं नव्हतं ती माणसंही हसायला लागली.

बेबीनंदा हसली नाही. ती पाळण्याजवळच्या बाजेपाशी गेली. सगुणा डोक्याला फडकं बांधून बसली होती आणि सगळ्यांचं लक्ष आपल्याकडे आलं म्हणून अंग चोरत होती.

“वैनी,” बेबीनंदा म्हणाली, “तुला काय ठिवायचंय?”

सगुणानं नवऱ्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. सवय नसलेल्या माणसाला एकदम विचारलं की असंच होतं. जिलेबी मागायला बेबीनंदालाही असाच वेळ लागला होता.

“मी तर तिला मैना म्हणते,” ती म्हणाली. “पहिल्या दिवसापासून. पाजताना म्हणते, आंघोळीला म्हणते. तुम्ही सगळे ऐकतच व्हता की.”

ऐकत होतेच. दोन खोल्यांच्या घरात न ऐकून जातील कुठं? ‘मैना, उगी’, ‘मैना, झोप’ हे बेबीनंदाच्या कानाशी रोज चाललेलं असायचं. पण ते नाव आहे, असं कोणालाच वाटलं नव्हतं, कारण ते आई म्हणत होती.

देवानंद जरा वेळ चष्मा पुसत उभा राहिला. संघमित्रा सोडणं त्याला सोपं नव्हतं, उगाच खोटं का सांगा. मग तो म्हणाला, “सांग बेबी. काय सांगायचं ते कानात सांग.”

बेबीनंदा पुन्हा वाकली आणि या वेळी तिनं पदर ओढला नाही. तिनं ‘मैना’ म्हटलं आणि अख्ख्या गल्लीनं ‘कुर्र’ केलं. मग पडले बुक्के. रीत म्हणून बुक्के हलक्या हातानं घालायचे असतात. पण चांगुणाबाईनं दोन तंगड्यांचे दोन घातले, आणि ते पार आष्टीपर्यंत वाजले असतील. अकबरबीनं कौतुकाचा एक घातला, तोही काही कमी नव्हता. गिरिजाबाईची पाळी सगळ्यांत शेवटी आली. तिनं मूठ उचलली.

“ताई,” सगुणानं बाजेवरून विचारलं. एकदा बोलायला मिळाल्यावर तिची भीड जरा चेपली असावी. “तुम्हाला तुमच्या पोरांची नावं काय ठिवायची व्हती?”

बेबीनंदा वाकलेलीच राहिली.

“थोरल्याचं मिलिंद,” ती म्हणाली.

“अन् धाकट्याचं?”

“धाकट्याचं बी मिलिंदच. थोरल्याला ठिवू दिलं न्हाई ना, मंग ते तसंच शिल्लक व्हतं.”

बायका पुन्हा हसल्या, पण हसता हसता एकेकीचं हसू अर्ध्यावर राहिलं. त्यांच्यातल्या कितीजणींकडे असं एखादं शिल्लक नाव होतं, कोण जाणे. गिरिजाबाईची मूठ उघडली आणि तिचा हात लेकीच्या पाठीवर येऊन टेकला. धावड्याच्या दोन्ही बारशांना ती गेली होती. दोन्ही वेळेला पोटभर जेवून, नातवाला झबलं घालून, इहिणीचं कौतुक करून परत आली होती.

“मंग मला का न्हाई सांगितलंस गं?” ती म्हणाली.

“तू कुठं विचारलंस, माय?”

गिरिजाबाईला त्या दिवसापर्यंत गल्लीत कोणी बोलण्यात हरवलेलं नव्हतं. तिचा हात लेकीच्या पाठीवर तसाच राहिला, आणि पंगत बसवायची वेळ झाली तरी तिनं तो काढला नाही.